पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे उभ्या महाराष्ट्राला परिचित आहे. या गावापासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत वीस किलोमीटरही दूर नाही. शेतात काम करताना डोक्यावरून जाणारे विमान येथे कुणाला नवलाचे वाटत नाही. गेल्या काही दशकांत नगर रस्त्याच्या दुतर्फा कारखानदारी वाढली, शिक्षणाच्या सोयी आल्या आणि या परिसरातील मुलेमुली प्रथम पुण्याला व तेथून परदेशी जाऊ लागली. साहजिकच विमानप्रवासाचा हिशेब हा आता केवळ शहरी माणसाच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. घरातील वडीलधारे माणूस अत्यवस्थ झाले, की ओसरीवर पहिला प्रश्न निघतो तो हाच : अमेरिकेतल्या मुलाला यायला किती तास लागतील? थांबायचे की न थांबता पुढचे विधी उरकायचे, हे या एका उत्तरावर ठरते.

पुष्कळदा हे उत्तर घाईघाईने दिले जाते. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर, म्हणजे पंधरा तास. भागाकार बिनचूक आहे. तथापि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय चुकण्याचा संभव फार. विमानाचे अंतर म्हणजे नेमके काय, ते सरळ का कापता येत नाही, आणि घड्याळातील तास व प्रवासातील तास यांचा मेळ कसा घालावा, हे समजून घेतले तर हा हिशेब कोणासही घरबसल्या करता येईल. उदाहरणासाठी आपण पुणे आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरे घेऊ. तेथून जवळच असलेले सॅन होजे आणि पुणे ही १९९२ पासून भगिनी-शहरे आहेत आणि संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने त्या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही थोडी नाहीत.

भिंतीवरचा नकाशा आणि पृथ्वीगोल

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात भारत मध्याच्या उजवीकडे आणि अमेरिका अगदी डावीकडे दिसते. त्यामुळे पुण्याहून निघालेले विमान अरबस्तान, युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेकडे जात असले पाहिजे, असा समज होतो. पृथ्वी गोल आहे हे आपण परीक्षेत लिहितो, परंतु नकाशा पाहताना ते हटकून विसरतो.

हा समज दूर करण्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीचा गोल असतोच. त्यावर पुण्याच्या जागी सुतळीचे एक टोक धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवावे आणि सुतळी ताणावी. ती आपोआप कमीत कमी अंतराच्या वाटेवर स्थिरावते. पाहणाऱ्यास आश्चर्य वाटेल, पण ही सुतळी पश्चिमेला जात नाही आणि पूर्वेलाही जात नाही. ती जवळजवळ थेट उत्तरेकडे निघते. दिल्लीला अक्षरशः चाटून ती लडाखवर येते, तेथून सिंक्यांग, अल्ताई पर्वत आणि सैबेरिया मागे टाकून आर्क्टिक महासागरावर पोहोचते, ७६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि मग अलास्कावरून व कॅनडाच्या किनाऱ्यालगत उतरत कॅलिफोर्नियात येते. वढूच्या एखाद्या माळावर रात्री उभे राहिले, तर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश उंचीवर दिसतो. त्याच्या किंचित उजव्या हाताला, उत्तरेपासून पंधरा अंशांवर, कॅलिफोर्नियाची दिशा आहे.

गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाला भूगोलाच्या परिभाषेत बृहद्वृत्त म्हणतात आणि दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट नेहमी अशा वृत्ताचा तुकडा असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले म्हणजे त्रिकोणमितीने हे अंतर काढता येते. आपल्याकडील ज्योतिर्गणितात हे गोलाचे गणित जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा एक संपूर्ण भाग ‘गोलाध्याय’ या नावाचा आहे. पुणे व सॅन फ्रान्सिस्को यांच्यासाठी हे गणित केले असता अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर येते. नकाशावर पट्टी ठेवून सरळ पूर्वेकडून, पॅसिफिकवरून, रेघ काढली तर तीच दोन शहरे सोळा हजारांहून अधिक किलोमीटर दूर पडतात. अटलांटिकवरून पट्टी ठेवली तर हा आकडा एकोणीस हजारांच्याही पुढे जातो.

या सुतळीचा व्यवहारात एक मोठा उपयोग आहे. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. कोठेतरी बदलावे लागते. दिल्ली या वाटेवरच असल्यामुळे तेथे विमान बदलल्याने अंतरात म्हणण्यासारखी भर पडत नाही. दुबईमार्गे तेच अंतर सुमारे १५,१०० किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे १५,८०० आणि सिंगापूरमार्गे १७,४०० किलोमीटर होते. म्हणजे सिंगापूरचा मार्ग पत्करणारा प्रवासी जवळजवळ चार हजार किलोमीटर अधिक उडतो. तिकीट स्वस्त असेल तर तो त्याचा प्रश्न. पण घाईच्या वेळी हे आकडे हाताशी असावेत.

सरळ वाट मोकळी का नसते

गोलावरील सुतळीला डोंगर, सरहद्दी आणि वारे यांची अडचण नसते, विमानाला असते.

हिमालय आणि तिबेटचे पठार यांवरून प्रवासी विमाने शक्यतो टाळून का जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळे शिखराला धडकण्याचे भय नसते. भय वेगळे आहे. विमानातील हवेचा दाब काही कारणाने कमी झाला, तर वैमानिकाला तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायचे कोठे?

दुसरी अडचण पर्यायी विमानतळांची. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेवर कायम जवळपास असावा लागतो. हा नियम पुस्तकी नव्हे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे एक विमान ६ जून २०२३ रोजी इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरविण्यात आले. दोनशेहून अधिक प्रवाशांना तेथे मुक्काम करावा लागला आणि त्यांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. मगदानसारखी धावपट्टी त्या वाटेवर नसती, तर मुळात ती वाटच वापरता आली नसती.

तिसरी गोष्ट राजकीय सरहद्दींची. प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर अधिकार असतो आणि ते केव्हाही बंद करता येते. पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना त्यामुळे अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला आणि काहींना मध्येच इंधन भरण्यासाठी उतरावे लागले. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद झाले, तेव्हा त्यांच्याही काही भारतीय फेऱ्या थांबल्या. दोन शहरांमधील अंतर बदललेले नसते, पण प्रवास तीन तासांनी लांबतो, तो असा.

वाऱ्याचा वाटा

या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग वाऱ्याचा आहे आणि त्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते. भूपृष्ठापासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे झोत वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. तुळापूरच्या संगमापाशी पुराच्या दिवसांत नाव हाकणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. वल्हे तेवढेच, दमही तेवढाच. पण प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे पडतो आणि प्रवाहाविरुद्ध येताना जागचा हलत नाही.

आकड्यांत सांगायचे तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. स्थिर हवेत ताशी नऊशेच्या वेगाने त्याला पावणेचौदा तास लागतील. वारा सरासरी ताशी शंभर किलोमीटरने पाठीशी असेल तर साडेबारा तासांच्या आत काम होईल आणि तोच वारा तोंडावर असेल तर साडेपंधरा तास लागतील. एकाच अंतराच्या जाण्या-येण्यात तीन तासांचा फरक केवळ हवेमुळे पडू शकतो.

याचे प्रत्यक्ष उदाहरण आपल्याच देशातील आहे. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही विनाथांबा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटिकमार्गे सुरू केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून, नेण्यात आले. या नव्या वाटेवर विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापले; जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढले, तरीही प्रवास साडेचौदा तासांत पुरा झाला, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. लांबची वाट जवळची ठरली, कारण वारा पाठीशी होता. या मार्गांवरील आणखी एक उड्डाण स्मरणात ठेवण्याजोगे आहे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरून.

दोन घड्याळे

अंतर आणि वारा यांचा हिशेब जमला, तरी तिकिटावरील वेळा पाहून माणूस गोंधळतोच. याचे कारण त्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. वढू सुमारे ७४ अंशांवर असल्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने घड्याळात बारा वाजून चौतीस मिनिटांनी. ही प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी स्वीकारली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकून होता. घड्याळ ही सोय आहे, निसर्ग नव्हे, हे त्या पिढीला चांगले समजत होते!

कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. मार्चमधील दुसऱ्या रविवारी तेथील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्ववत करतात. त्या काळात हा फरक साडेबारा तासांचा असतो. यामुळे चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी घडतात. जानेवारीतील सोमवारी पहाटे चार वाजता दिल्लीहून निघालेला प्रवासी पंधरा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो, तेव्हा तेथे सोमवारचेच पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तिकीट पाहणाऱ्यास वाटावे की दीड तासाचाच प्रवास आहे. परतीला हा मिळालेला दिवस व्याजासह फेडावा लागतो. सोमवारी सकाळी दहा वाजता तेथून निघालेला प्रवासी सोळा तासांनी दिल्लीत उतरतो, तेव्हा मंगळवारचे दुपारचे साडेतीन झालेले असतात. म्हणून तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी कधीही प्रवासाचे तास म्हणून धरू नये. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी.

दारापासून दारापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, हिवाळ्यातील सोमवारी सकाळी सहा वाजता वढूहून फोन गेला. सॅन होजेत त्या वेळी रविवारचे दुपारचे साडेचार वाजलेले असतील. मुलाला लगेच तिकीट मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या विमानात जागा मिळाली असे धरू. ती वेळ भारतात सोमवार रात्री साडेअकराची. सोळा तासांच्या उड्डाणानंतर तो मंगळवारी दुपारी साडेतीनला दिल्लीत उतरेल. पारपत्राची तपासणी, सामान, देशांतर्गत विमानाची प्रतीक्षा यांत चार तास जातील. पुण्यापर्यंतच्या उड्डाणाला दोन तास. लोहगावला सामान घेऊन वाघोली, कोरेगाव भीमामार्गे गावात यायला, नगर रस्त्यावरील वाहतूक लक्षात घेता, आणखी दोन तास. म्हणजे मंगळवारी रात्री साडेअकराला तो घराच्या उंबऱ्यावर असेल.

फोन केल्यापासून हे साडेएकेचाळीस तास होतात, आणि यात कोठेही विलंब झालेला नाही! पंधरा तासांचा भागाकार करून ‘रात्रीपर्यंत येतो’ असे सांगणाऱ्याने सोयऱ्याधायऱ्यांना एक संपूर्ण दिवस चुकीचा सांगितलेला असतो. प्रेत ठेवण्याची व्यवस्था करावयाची की नाही, लांबच्या नातेवाइकांना केव्हाची वेळ द्यावयाची, हे सारे त्या एका दिवसावर अवलंबून असते. आजारी माणूस अद्याप सावध असेल, तर मुलाला बोलावण्याचा निर्णय दोन दिवस आधी घ्यावयास हवा, असा याचा सरळ अर्थ आहे. ‘उगीच कशाला त्याला त्रास’ म्हणून फोन लांबवणारे वडीलधारे या गणिताकडे दुर्लक्ष करतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कागदपत्रांचा हिशेब याहून वेगळा. ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्याला भारतात येण्यासाठी परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारे ओसीआय कार्ड अथवा व्हिसा लागतो. तो नसेल तर विमानाआधीच दिवस मोडतात. जो नोकरीच्या व्हिसावर तेथे आहे, त्याला भारतात येण्यास अडचण नाही, परंतु पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली असेल तर परत जाण्यापूर्वी तो नव्याने घ्यावा लागतो. आईच्या अखेरच्या क्षणी यावे, तर नोकरीवर परत रुजू होता येईल की नाही याची शाश्वती नाही, अशा पेचात आज अनेक मुले सापडतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो मुलगा निष्ठुर वाटतो. प्रत्यक्षात तो बांधलेला असतो.

पूर्वीचा काळ

या तासांची किंमत समजण्यासाठी थोडे मागे पाहणे उपयुक्त ठरेल. डॉ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पदवी घेऊन त्या १८८६ मध्ये परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना अमेरिकेत लेकीप्रमाणे सांभाळले, त्यांना अंत्यदर्शन घडणे त्या काळी कल्पनेबाहेरचे होते. पुढे आनंदीबाईंच्या अस्थीच त्यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या.

एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला उतरले. जेट विमाने आल्यावर १९६० मध्ये याच कंपनीची सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली. दोन महिन्यांचे दोन दिवस होण्यास पाऊण शतक लागले. पुढील साठ वर्षांत मात्र विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. वाढली ती इंधन वाहून नेण्याची क्षमता, आणि त्यामुळे मधले थांबे गेले.

पुण्याहूनच थेट का नाही?

हा प्रश्न लोहगावच्या परिसरात नेहमी विचारला जातो. लोहगावचा तळ हवाई दलाचा असून तेथील धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंची आणि उन्हाळ्यातील तापलेली, विरळ हवा यांमुळे जड विमानाला अधिक लांब धाव घ्यावी लागते. पंधरा तासांचे इंधन भरलेले मोठे विमान त्या लांबीत उचलणे शक्य नसते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. पुण्याहून २००८ मध्ये फ्रँकफर्टला सेवा सुरू झाली होती, ती लहान विमानाची; पुढे तीही थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाल्याने द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या पुणेकरांना मुंबईच्या अलीकडेच एक पर्याय मिळाला आहे.

प्रवास ठरविताना दोन्ही उड्डाणे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावीत. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढील विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. निरनिराळी तिकिटे घेणाऱ्यास ही सोय नाही. वृद्ध प्रवाशांनी इन्सुलिनसारखी वेळेवर घ्यावयाची औषधे कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यावीत, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे, औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि विमानात दर दोन तासांनी थोडे चालावे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटेच्या दाट धुक्यामुळे उड्डाणे खोळंबतात. त्या दिवसांत दिल्लीमार्गे येणाऱ्याने पुण्याचे विमान दुपारनंतरचे घ्यावे, किंवा मुंबईला उतरून मोटारीने यावे. मुंबईहून वढूपर्यंतचे सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर घाटातील वाहतुकीसह चार ते पाच तासांत होतात.